एका कुपीतील दोन मात्रा

ठाकुर्ली स्थानकावर जलद गाड्या थांबत नाहीत. त्यामुळे परळच्या टाटा रुग्णालयात सकाळी वेळेवर पोहोचावयाचे असलेले येथील रहिवासी धिम्या गाडीची वाट पाहत, कर्करुग्णांना ज्या डब्यातून प्रवास करण्याची मुभा रेल्वेने दिली आहे तो दिव्यांगांचा डबा जेथे येऊन थांबतो तेथे, फलाटाच्या ठरलेल्या जागी उभे असलेले दिसतात. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली जाडजूड फाईल, तोंडावर रुमाल, आणि सोबतीला रजा टाकून आलेला मुलगा किंवा शेजारची कोणी बाई. या मंडळींच्या बोलण्यात पूर्वी दोनच शब्द वारंवार येत : ‘केमो’ आणि ‘लाईट’, म्हणजे किरणांचा शेक. गेल्या काही वर्षांत त्यात तिसरा शब्द मिळाला आहे, तो म्हणजे ‘इम्युनो’, अर्थात इम्युनोथेरपी. आणि हा शब्द उच्चारताना आवाज थोडा खाली जातो, कारण त्याच्यामागोमाग खर्चाचा आकडा येतो.

आपल्या भाषेत औषधाचा गुण आला की ‘मात्रा लागू पडली’ असे म्हणण्याची पद्धत आहे. जुन्या काळी अत्यवस्थ रोग्याला हेमगर्भाची मात्रा सहाणेवर उगाळून मधातून चाटवीत. ती किती वेढे उगाळावयाची हे घरातील वडीलधाऱ्या बायकांना ठाऊक असे. त्या औषधाची योग्यता काय होती हा प्रश्न येथे नाही. परंतु औषधाचे नाव आणि त्याचे प्रमाण या दोहोंना एकच शब्द योजणाऱ्या आपल्या पूर्वजांना एक तत्त्व उमगले होते, की किती द्यावयाचे हे कळल्याखेरीज काय द्यावयाचे हे कळले असे होत नाही. कर्करोगावरील प्रतिपिंडांच्या उपचारांबाबत आज नेमका हाच प्रश्न उभा आहे; आणि त्याचे एक अत्यंत महत्त्वाचे उत्तर ठाकुर्लीहून तासाभराच्या अंतरावर, परळमध्येच, सापडलेले असताना ते आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने जितक्या तातडीने अंगीकारावयास हवे होते तितक्या तातडीने अंगीकारलेले नाही, अशी माझी तक्रार आहे.

प्रतिपिंड, म्हणजे ज्याला डॉक्टर अँटिबॉडी म्हणतात ते, आपल्या मुलखाला अगदीच अपरिचित नाही. शरीरात शिरलेल्या परक्या पदार्थाला ओळखून त्यालाच नेमके चिकटणारे हे प्रथिन असते. फोन बेहरिंग आणि किटासाटो यांनी १८९० मध्ये बर्लिन येथे दाखवून दिले, की धनुर्वात वा घटसर्प यांच्या विषाची सवय लावलेल्या प्राण्याच्या रक्तरसात त्या विषाला निष्प्रभ करण्याची शक्ती असते आणि ती दुसऱ्याच्या शरीरात घालता येते. टाटा रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या हाफकिन संस्थेत, म्हणजे ज्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ साली प्लेगसंशोधनाची प्रयोगशाळा आली आणि १९२५ मध्ये जिला डॉ. हाफकिन यांचे नाव देण्यात आले तेथे, याच तत्त्वावर घोड्यांच्या रक्तरसापासून सर्पविषावरील औषध तयार होत आले. ठाणे जिल्ह्याच्या भातखाचरांत घोणस वा मण्यार चावलेली किती माणसे त्या सुईने वाचली असतील! ती सुई म्हणजे घोड्याने घडविलेली प्रतिपिंडेच होती.

परंतु घोड्याच्या रक्तरसात नाना प्रकारच्या प्रतिपिंडांची सरमिसळ असते, आणि कर्कपेशी ही सर्पविषासारखी परकी नसून आपल्याच देहातील बंडखोर पेशी असल्यामुळे तिला टिपावयाचे तर एकाच खुणेला चिकटणारे, एकाच साच्यातले प्रतिपिंड हवे होते. ती युक्ती १९७५ मध्ये केंब्रिज येथे जॉर्जेस कोह्लर आणि सीझर मिल्स्टाइन यांना साधली. उंदराच्या प्लीहेतील प्रतिपिंड निर्माण करणारी पेशी अल्पायुषी असते. तिचा त्यांनी कर्कपेशीशी संयोग घडवून आणला, आणि त्या संकरातून जी पेशी जन्मास आली तिने एका जनकापासून कौशल्य व दुसऱ्यापासून न मरण्याचा गुण घेतला. ज्या अमर्याद वाढीमुळे कर्करोग भयंकर ठरतो तीच वाढ त्याच्यावरील औषधाच्या कारखान्याला जुंपली गेली, यापेक्षा अधिक समाधानकारक न्याय निसर्गात क्वचितच आढळेल. १९८४ मध्ये या दोघांना नील्स येर्ने यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आणि विशेष नमूद करण्याजोगी गोष्ट ही, की या पद्धतीवर स्वामित्वहक्क घेतला गेला नाही. मूळ विद्या जगाला विनामूल्य मिळाली. महाग झाली ती तिच्यापासून निर्माण झालेली औषधे.

त्या औषधांनी केलेले कार्य निःसंशय मोठे आहे. लसिकाग्रंथींच्या कर्करोगावरील रिटुक्सिमॅबला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी स्तनाच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅब आले. स्तनाच्या दर शंभर कर्करोगांपैकी पंधरा ते वीस गाठींवर ‘हर-टू’ नावाच्या प्रथिनाची दाटी असते, आणि एके काळी अशुभ समजली जाणारी हीच खूण या औषधाने उपचाराचा दरवाजा बनविली. नंतर दुसरी एक दिशा उघडली. आपल्या रक्तातील टी-पेशींना कर्कपेशी ओळखता येतात, परंतु टी-पेशींवर निसर्गाने बसविलेला जो ब्रेक आहे त्यावरच कर्कपेशी पाय ठेवून बसते. तो पाय प्रतिपिंडाने बाजूला सारला, तर शरीराची स्वतःचीच फौज पुन्हा चालू लागते. या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि निव्होलुमॅब हे या जातीच्या औषधांतील एक प्रमुख नाव आहे.

आपल्या देशातील कारखानदारीही या क्षेत्रात हात बांधून बसली नव्हती. क्यूबासारख्या लहानशा देशाच्या सहकार्याने बंगळुरूच्या बायोकॉनने २००६ मध्ये डोक्या-मानेच्या कर्करोगासाठी निमोटुझुमॅब बाजारात आणले, हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये रिटुक्सिमॅबची आपली आवृत्ती काढली. २०१४ च्या आरंभी ट्रास्टुझुमॅबची देशी आवृत्तीही आली. किमती उतरल्या, हे खरे. तथापि नव्या औषधांच्या बाबतीत, विशेषतः ब्रेक काढणाऱ्या प्रतिपिंडांच्या बाबतीत, पूर्ण मात्रेचा खर्च महिन्याकाठी लाखांच्या घरात जात राहिला. आपल्यासारख्या अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत अशी औषधे मान्यताप्राप्त मात्रेत एक ते तीन टक्के रुग्णांनाच लाभतात, असे टाटा रुग्णालयाच्याच संशोधकांनी नमूद केले आहे. उरलेल्या सत्त्याण्णवांना डॉक्टरने औषधाचे नाव सांगावे की सांगू नये, हा तपासणीच्या दालनातील रोजचा धर्मसंकटाचा प्रश्न आहे.

या धर्मसंकटातून वाट काढण्याचा जो प्रयत्न परळमध्ये झाला, त्याची हकीकत प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असावी असे मला वाटते. डोक्या-मानेचा कर्करोग पुढे गेलेला, शस्त्रक्रिया वा शेक यांनी समूळ बरा होण्याची आशा न उरलेला, असे १५१ रुग्ण डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठीच्या पद्धतीने दोन गटांत विभागले. दोन्ही गटांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब ही परवडणारी तोंडाने घ्यावयाची औषधे देण्यात आली. एका गटाला त्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅब दिले, परंतु केवळ २० मिलिग्रॅम. रूढ मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅमची असते, म्हणजे तीन आठवड्यांचा हिशेब केल्यास ३६० मिलिग्रॅम पडावे. तेथे २० म्हणजे अठरावा हिस्सा. वर्षाअखेरीस निव्होलुमॅब न मिळालेल्या गटात १६.३ टक्के रुग्ण हयात होते, आणि ज्यांना तो अठरावा हिस्सा मिळाला त्यांच्यात ४३.४ टक्के. मध्यम आयुर्मान ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेले, आणि तीव्र दुष्परिणामांत लक्षणीय वाढ झाली नाही. ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’ या जगन्मान्य नियतकालिकात २०२२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे साडेतीन महिन्यांची ही वाढ कोणाला अल्प वाटेल. परंतु ज्या घरात मुलीचे लग्न ठरलेले आहे, वा मुलाचा दहावीचा निकाल लागावयाचा आहे, त्या घराला ती अल्प वाटत नाही.

एवढी थोडी मात्रा पुरली कशी, याचे उत्तर औषधाच्या स्वभावात आहे. केमोची औषधे पेशींना विषासारखी मारतात, म्हणून त्यांची मात्रा रोग्याला सोसेल तितकी चढविण्याचा प्रघात पडला. प्रतिपिंडाचे काम निराळे : कुलुपे जितकी तितक्याच किल्ल्या लागतात, आणि सर्व कुलपांत किल्ल्या बसल्यावर आणखी किल्ल्यांचा ढीग ओतून काही साधत नाही. निव्होलुमॅबच्या अगदी प्रारंभीच्या चाचण्यांतच दिसून आले होते, की वजनाच्या किलोमागे ०.३ मिलिग्रॅम दिले काय आणि १० मिलिग्रॅम दिले काय, रक्तातील टी-पेशींवरील व्यापलेल्या जागांचे प्रमाण जवळजवळ सारखेच राहते. साठ किलो वजनाच्या माणसाला किलोमागे ०.३ म्हणजे १८ मिलिग्रॅम. परळची २० मिलिग्रॅमची मात्रा अंदाजाने मारलेला बाण नव्हती, तिच्यामागे हा हिशेब होता.

मग हा प्रश्न आधी कोणी का विचारला नाही? औषध कमी लागते हे सिद्ध करण्यात औषध विकणाऱ्याचे हित नसते, हे त्याचे सरळ कारण आहे. यात कोणावर दोषारोप करण्याचा हेतू नाही. व्यापार आपल्या नियमाने चालतो. परंतु म्हणूनच असा प्रश्न विचारण्याची जबाबदारी सार्वजनिक संस्थेवर येते. टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सर दोराबजी टाटा यांच्या न्यासाने उघडले, १९५७ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेले. ते जनतेच्या पैशावर चालते, आणि म्हणून जनतेला किती परवडते हा त्याच्या दृष्टीने शास्त्राचाच प्रश्न ठरतो. याच रुग्णालयात आरंभापासून विकृतिशास्त्राची धुरा वाहणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेवर होणारा कर्करोग आणि तंबाखूमुळे तोंडात होणारा कर्करोग यांचा अभ्यास केला, तो युरोपातील ग्रंथांत लिहिलेले नव्हते म्हणून; आपल्या लोकांच्या राहणीकडे पाहिल्यावाचून आपल्या लोकांचा रोग कळत नाही, ही त्यांची दृष्टी होती. कमी मात्रेचा प्रयोग त्याच परंपरेतला आहे.

या प्रयोगावर आक्षेप नाहीत असे नाही, आणि ते लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. येथे अल्प मात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी झाली नाही, तर मुळीच प्रतिपिंड न मिळण्याशी झाली. रुग्ण १५१ होते, हजारो नव्हते. आणि डोक्या-मानेच्या कर्करोगात जे घडले ते फुप्फुसात वा मूत्रपिंडात तसेच घडेल, असे त्यावरून म्हणता येत नाही. हे तिन्ही आक्षेप मला मान्य आहेत. परंतु त्यांचा निष्कर्ष प्रयोग थांबवावेत असा निघत नाही. उलट प्रयोग वाढवावेत असाच निघतो. शिवाय ज्या रुग्णाला पूर्ण मात्रा कधीच मिळणार नव्हती, त्याच्यापुढचा खरा पर्याय ‘थोडे की पूर्ण’ असा नसून ‘थोडे की काहीच नाही’ असा असतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर या प्रयोगाने निःसंदिग्धपणे दिले आहे. कमी उपचार पुरतो का, हा प्रश्न गरीब देशांनीच विचारावा असेही नाही. ब्रिटनमध्ये चार हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सुरुवातीच्या अवस्थेतील स्तनाच्या कर्करोगासाठी ट्रास्टुझुमॅब वर्षभर देण्याऐवजी सहा महिने दिले तरी परिणाम उणा पडत नाही आणि हृदयाला होणारा त्रास कमी होतो, असे आढळून आले.

याच इलाख्यातील दुसरे उदाहरण पवईचे. ज्या कंपनीचा जन्म आयआयटी मुंबईत झाला तिने, टाटा रुग्णालयाच्या सहकार्याने, रुग्णाच्या टी-पेशींवर प्रतिपिंडाचा तुकडा बसवून त्यांना विशिष्ट रक्तकर्करोगाच्या पेशी ओळखावयास शिकविणारा ‘नेक्सकार-१९’ हा उपचार सिद्ध केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. परदेशी तीन-चार कोटींचा असलेला उपचार येथे चाळीस लाखांच्या आसपास आला. दहावा हिस्सा ही थोर कामगिरी होय. परंतु ठाकुर्लीच्या चाळीत राहणाऱ्या नोकरदाराला चाळीस लाख आणि चार कोटी हे दोन्ही आकडे क्षितिजापलीकडचेच आहेत. स्वस्त होणे आणि आवाक्यात येणे यांत जे अंतर राहते, ते शास्त्रज्ञ एकटा तोडू शकत नाही. तेथे सरकारदरबारची तजवीज लागते.

ती तजवीज कशी करावी याचे नमुनेही आपल्यापाशी आहेत. टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्याने आपल्या २३ केंद्रांसाठी चाळीस औषधांच्या खरेदीचा एकत्रित सौदा केला, तेव्हा दरांतील मध्यक घट ८२ टक्के भरली आणि सुमारे १,३२० कोटी रुपये वाचले. केंद्र सरकारने जुलै २०२४ च्या अंदाजपत्रकात ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान आणि डुर्व्हालुमॅब या दोन प्रतिपिंड-औषधांवरील व ओसिमर्टिनिब या गोळीवरील सीमाशुल्क माफ केले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात वस्तू व सेवा कर बारावरून पाच टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु जकात माफ केल्याने किमतीचा दहावा भाग उतरतो. मात्रेचा विचार शास्त्रशुद्ध रीतीने केला, तर किमतीचा दहावा भागच उरतो. या दोन वाक्यांतील फरक अर्थखात्याच्या दप्तरात ठळक अक्षरांनी लिहून ठेवण्याजोगा आहे.

सबब माझ्या मागण्या तीन आहेत. पहिली अशी, की कमी मात्रा आणि कमी मुदत यांच्या चाचण्यांसाठी केंद्र आणि राज्य सरकारांनी स्वतंत्र व कायम स्वरूपाची तरतूद करावी. पुढे औषधखरेदीत जे वाचेल त्याच्या मानाने तो खर्च किरकोळ ठरेल. दुसरी अशी, की कुटुंबाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देणाऱ्या महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीत अल्प मात्रेच्या या उपचाराला आणि त्यापूर्वीच्या आवश्यक तपासण्यांना निःसंदिग्ध स्थान असावे, आणि खरेदी एकत्रित सौद्याने व्हावी. तिसरी मागणी अंतराची आहे. जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे तीन वर्षांत उघडण्याची घोषणा केंद्राच्या २०२५ च्या अंदाजपत्रकात झाली. तिची अंमलबजावणी ठाणे जिल्ह्यात प्रथम व्हावी, आणि कल्याण-डोंबिवलीच्या पालिका रुग्णालयांपर्यंत ती पोहोचावी. प्रतिपिंडाची सुई देताना क्वचित थंडी-ताप येतो, रक्तदाब उतरतो. पुढे थायरॉइड, आतडे, फुप्फुस यांना सूज येऊ शकते. म्हणून तेथे शिकविलेल्या परिचारिका आणि टाटाशी फोनवर जोडलेला डॉक्टर हवा. परंतु एका सुईसाठी तीन आठवड्यांनी एकदा रोग्याने दिवसभराची यातायात करावी, असे त्या सुईत काही नाही.

ठाकुर्लीच्या माणसाला ही कल्पना नवी वाटू नये. येथील चोळ्याचे वीजगृह ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने उभारले ते आपल्या विजेच्या गाड्या चालाव्यात म्हणून. वर्षानुवर्षे येथे निर्माण झालेली शक्ती तारांवरून दूरवर गेली, आणि तिच्यावर धावणाऱ्या गाडीत श्रीमंत-गरीब दोघेही बसले. शक्ती एका ठिकाणी निर्माण व्हावी आणि सर्वत्र पोहोचावी, हीच सार्वजनिक व्यवस्थेची व्याख्या आहे. विद्या परळला निर्माण झाली आहे. तारा ओढावयाच्या राहिल्या आहेत.

वाचकांनाही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. कमी मात्रा पुरते हे वाचून कोणी आपल्या मनाने औषध अर्धे करू नये. कोणत्या रोगात, कोणत्या अवस्थेत, कोणत्या जोडीला ते चालते हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे, परंतु संकोच न बाळगता विचारावे. ट्रास्टुझुमॅब घेणाऱ्या स्त्रीने हृदयाची तपासणी चुकवू नये. आणि ज्या रोगावर हा प्रयोग झाला, त्या रोगाचे आपल्याकडील मोठे कारण तंबाखू आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असूनही जोवर फलाटाच्या कोपऱ्यांत त्याच्या पुड्या पडलेल्या दिसतात, तोवर परळची रांग कमी होणार नाही.

शेवटी एक साधा व्यवहार. निव्होलुमॅबची लहान कुपी ४० मिलिग्रॅमची येते. वीस मिलिग्रॅमच्या हिशेबाने त्या एका कुपीत दोन रुग्णांची सोय होते. मात्र कुपी उघडल्यावर औषध फार काळ टिकत नसल्याने त्या दोघांना एकाच दिवशी, एकाच ठिकाणी बोलवावे लागते. एकट्या-दुकट्याने बाजारातून औषध आणणाऱ्या रोग्याला हे जमणारे नाही. डे-केअर केंद्राला ते सहज जमते. ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात अशी पहिली कुपी दोघांसाठी उघडली जाईल, एवढी तरतूद राज्य सरकारने येत्या अंदाजपत्रकात करावी.